सरांची चार बोटं

"कप आत घे," हे सरांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. नोकरीला लागून मला तासही झाला नव्हता. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवून मी कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट बघत बसले होते. मागून एक किडकिडीत गृहस्थ आले, टेबलाच्या कडेला लागून त्यांनी हाताची चार बोटं आडवी ठेवली आणि माझा कप त्या बोटांच्या पलीकडे सरकवला. मग बोटं उचलली आणि माझ्याकडे न बघता आपल्या जागेवर जाऊन बसले. मी दादरची. आमच्या घरात पाहुण्याच्या कपालासुद्धा न विचारता कुणी हात लावत नाही. मला जो राग आला, तो पुढे दोन वर्षं थोड्याफार फरकाने टिकला.

सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे 'चार बोटं' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा शिपायाने चुकून तोंडावरच म्हटलं, "चार बोटं साहेब, तुम्हाला बोलावलंय," तर सर शांतपणे उठून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "साहेब कशाला लावतोस?"

आमचं ऑफिस लोअर परळला, पूर्वी गिरणी होती त्या जागेवरच्या एका काचेच्या इमारतीत. सर काळाचौकीहून चालत यायचे. रोज पांढरा शर्ट, खिशात पेन्सिलीचा तुकडा आणि एक जुनी घडीची लाकडी पट्टी. मीटिंगमध्ये कंटाळा आला की ती पट्टी उघडायची, मिटायची. टेबलावर डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, फोन, सगळं एकमेकांपासून चार बोटांवर. कुणी गंमत म्हणून डबा बाटलीला टेकवून ठेवला, तर न बोलता पुन्हा सरकवायचे. टॅक्सीतून उतरले की ड्रायव्हरला सांगायचे, "भाई, थोडा आगे लेना, पीछेवाले को चार उंगली छोड." आणि ती गाडी खरंच पुढे जाईपर्यंत तिथेच उभे राहायचे.

हस्तांदोलन करत नसत. परदेशी पाहुणे आले, हात पुढे केला, की सर एक पाऊल मागे सरून नमस्कार करायचे. पाहुण्यांना वाटायचं ही भारतीय संस्कृती. आमचा एक ग्रुप फोटो आहे. त्यात आम्ही सगळे खांद्याला खांदा लावून उभे, आणि डावीकडे सर. त्यांच्या आणि माझ्या मधून मागच्या फळ्यावर लिहिलेलं अक्षर वाचता येतं.

या माणसाला देवाने नेमकं त्याच्या स्वभावाचं काम दिलं होतं. समुद्रातल्या तेलविहिरींवर जे लोखंडी प्लॅटफॉर्म असतात, ते उभारण्याचा हिशेब आमची कंपनी करते. किनाऱ्यावर बांधलेलं भलंमोठं लोखंडी घर बोटीवरून न्यायचं, क्रेनने उचलायचं आणि समुद्रात उभ्या असलेल्या पायांवर अलगद ठेवायचं. लाटांवर बोट डुलते, बोटीवर क्रेन डुलते, क्रेनला टांगलेलं घर डुलतं. हे सगळं आम्ही आधी कॉम्प्युटरमध्ये डुलवून बघतो, आणि डुलताना कुठली वस्तू कुठल्या वस्तूच्या किती जवळ येते ते मोजतो. त्या मोकळ्या अंतराला क्लिअरन्स म्हणतात. सर ऑफिसात इंग्रजीत क्लिअरन्स म्हणत आणि रागावले की मराठीत फट.

सॉफ्टवेअर हे काम आपण होऊन करत नाही. कुणाचं कुणापासून अंतर मोजायचं, त्या जोड्या आपण सांगाव्या लागतात. क्रेनचा हात आणि घराचं छप्पर, ही एक जोडी. घराचा तळ आणि खालचा पाय, ही दुसरी. मग ते दर क्षणाला दोघांमधलं कमीत कमी अंतर काढतं आणि शेवटी एक नागमोडी आलेख हातात देतं. माझं पहिलं काम होतं अशाच एका घराचं. मी नऊ जोड्या सांगितल्या, नऊ आलेख काढले, सगळी अंतरं छान मोकळी आली. मला स्वर्ग दोन बोटं उरला. तसं मी शेजारच्या टेबलावर बोललेसुद्धा. मागून आवाज आला, "दोन? चार ठेव."

मग सर माझ्या खुर्चीशेजारी बसले. अर्थात चार बोटं सोडून.

"शिडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कुठली शिडी, सर?"

"घराच्या उजव्या कुशीला शिडी आहे, बाहेर आलेली. तिची आणि क्रेनच्या दोराची जोडी कुठाय?"

"पण सर, सॉफ्टवेअरने काहीच धोका दाखवला नाही."

"तू विचारलंस काय त्याला?" सरांनी पट्टी उघडली. "बाय, हे सॉफ्टवेअर म्हणजे सासुरवाडीला आलेला नवा जावई. विचारलं तेवढंच बोलतो. ज्या जोडीचं नाव घेतलं नाहीस, तिच्याबद्दल तो गप्प. आणि गप्प म्हणजे ठीक नव्हे."

मी जोडी घातली. दोर शिडीला चक्क घासत होता. माझा चेहरा पडला असणार, कारण सरांनी उठता उठता माझा कप आणखी थोडा आत सरकवला. ही त्यांची सहानुभूती होती, हे कळायला मला वर्ष लागलं.

त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं. आधी चौकटीच्या कागदावर वस्तूंची यादी करायची, आडवी आणि उभी, आणि प्रत्येक घरात हो किंवा नाही लिहायचं. नाही लिहिलं तर का नाही, तेही लिहायचं. "जोड्या जुळवायच्या आधी सगळी माणसं मांडवात आली का बघ," असं म्हणायचे. स्वतः बिनलग्नाचे, त्यामुळे हे वाक्य आलं की आम्ही खाली बघून हसायचो. दुसरं म्हणजे, सॉफ्टवेअर खांबाचा नुसता मध्य धरतं. त्याची जाडी ते कधीकधी विसरतं. "ते हाडापासून मोजतं," सर सांगायचे. "आपण कातडीपासून मोजायचं. लागतं ते कातडीला." तिसरं मला सगळ्यात आवडायचं. अंतर किती कमी झालं एवढ्यावर थांबायचं नाही, ते कधी कमी झालं तेही बघायचं. "माणसं एकमेकांवर आपटतात ती काय सारखी आपटत नाहीत. कुठलातरी एक क्षण असतो."

चार बोटांचं हे वेड कुठून आलं, याबद्दल ऑफिसात बऱ्याच गोष्टी होत्या. कुणी म्हणे लहानपणी दारात बोट चेमटलं, कुणी म्हणे तरुणपणी समुद्रावर अपघात बघितला. मी एकदा सरळ विचारलं. आम्ही डिलाईल रोडला वडापाव खात उभे होतो आणि ते आपला वडापाव माझ्यापासून लांब धरून खात होते.

"अपघात कसला?" ते म्हणाले. "आमची खोली दहा बाय बारा. आम्ही सात जणं झोपायचो. सातवा मी, भिंतीपासून दुसरा. मला नेहमी वाटायचं, अंगाभोवती चार बोटं रिकामी पाहिजेत. जास्त नको."

"मग मिळायची?"

"मिळायची," ते म्हणाले आणि कागदाचा बोळा करून डब्यात टाकला. कशी मिळायची ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ते मला आक्काने सांगितलं.

आक्का ही सरांची थोरली बहीण, त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, धाकट्यांना आक्काने वाढवलं. परळच्या एका इस्पितळात ती जन्मभर नर्स होती. बाकीची भावंडं लग्नं होऊन पांगली आणि काळाचौकीच्या त्या खोलीत हे दोघे उरले, तिसऱ्या मजल्यावर. मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती सहा वर्षं अंथरुणावर होती. मोरीत पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण हाड नीट धरलं नाही आणि हृदय अशक्त म्हणून डॉक्टर पुन्हा हात लावायला तयार नव्हते. तिला आडवं राहता यायचं. कमरेतून जरा वाकवलं की अशी कळ जायची की डोळे पांढरे व्हायचे.

पडली त्या दिवशी सर कामासाठी समुद्रावर होते. चाळीतल्या लोकांनी तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. चांगल्या मनानेच उतरवलं. पण मोडक्या खुब्याने बसवून तीन मजले, प्रत्येक वळणावर खुर्ची आपटत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीवर विजेच्या मीटरची लाकडी पेटी आहे. तिथे तिचा मोडका पाय पेटी आणि कठडा यांच्यात अडकला. त्यानंतर इस्पितळातून वर आली ती औषधाच्या गुंगीत, आणि शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "आता मी खाली जायन ती मेल्यावर." सहा वर्षं डॉक्टरच वर यायचे.

आणि मग चाळ पुनर्विकासाला गेली. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या, चाळकऱ्यांची तात्पुरती सोय वडाळ्याला. लोकांनी पेढे वाटले. सर दुसऱ्या दिवशी ऑफिसला आले आणि जेवणाचा डबा न उघडता बसून राहिले. मी पहिल्यांदाच त्यांच्या टेबलावर बाटली डब्याला टेकलेली बघितली.

"आक्का खाली येत नाही म्हणते," ते म्हणाले. "कुणी म्हणालं, कपाटं उतरवतात तशी गॅलरीतून दोराने सोडू. तिने त्याला शिव्या घातल्या."

त्या चाळीत मोठं सामान जिन्याने चढत नाही, उतरत नाही. कपाट, पलंग, सगळं गॅलरीच्या कठड्यावरून दोर लावून. आणि माणूस गेलं की त्याला जिन्याने नेतात, पण वळणावर तिरडी उभी करावी लागते. आक्काने जन्मभर हे दोन्ही बघितलं होतं.

शनिवारी सर मला घरी घेऊन गेले. खोलीत शिरताच पलंगावरून हाक आली, "काय गो, दादरची ना तू? चाय घेतंस?" मी घेते म्हटलं. सर स्टोव्हकडे वळले. आक्का मोठ्या अंगाची, गोरीपान, आवाज वॉर्डभर पोचेल असा. ती मला म्हणाली, "ह्येचा काय ऐकू नको. हो जेवताना पण भात आणि आमटीत चार बोटां ठेयता."

मग तिनेच सांगितलं. लहानपणी हा रोज अंथरुणावर बोटं ठेवून जागा मोजायचा आणि कमी भरली की रडायचा. पलीकडे कुणी सरकेना. मग भिंतीकडेला झोपणारी आक्का भिंतीला पाठ चिकटवून, अंग चोरून एका कुशीवर झोपायची. तेवढी चार बोटं निघायची. "गारठ्यात ती भिंत अशी थंड," ती म्हणाली आणि हसली. सर पाठमोरे उभे राहून चहा गाळत होते. तो त्यांनी फार वेळ गाळला.

चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. आक्काने दोन्ही हात वर केले.

"दोर लावन सोडूक मी काय कपाट आसंय? आणि जिन्यात तिरडीसारखी उभी करतलास, तर ती एकदाच कर. जिवंतपणी नको."

"उभी नाय करणार. आडवी नेईन. कुठे टेकणार पण नाय."

"वचन?"

"रिपोर्ट देतो," सर म्हणाले.

आक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ गो, बहिणीक रिपोर्ट देता."

तो सबंध दिवस आम्ही जिना मोजला. पायऱ्या, कठड्याची उंची, वळणावरची जागा, भिंतीला आलेलं पोट, पाण्याचा पाइप, मीटरची पेटी. सर पट्टी लावायचे, मी लिहून घ्यायचे. येणारेजाणारे विचारायचे, "काय मोजताय?" सर सांगायचे, "आक्का." रविवारी साहेबांची परवानगी काढून आम्ही ऑफिसात बसलो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये समुद्रातली लोखंडी घरं डुलायची, त्यात काळाचौकीचा जिना उभा केला. घराच्या जागी आक्काला निजवून न्यायचा लाकडी पाट, प्लॅटफॉर्मच्या पायांच्या जागी कठडा, आणि लाटांच्या जागी चार माणसांची पावलं. चालताना माणूस किती हलतो, ते सरांनी मला ऑफिसच्या पॅसेजमध्ये पाण्याची बादली घेऊन चालायला लावून काढलं. माझी सँडल भिजली.

चौकटीच्या कागदावर जोड्या झाल्या. पाट आणि कठडा. पाट आणि पेटी. आक्काचं कपाळ आणि पेटी. पुढच्या उचलणाऱ्याचं कोपर आणि पाइप. मागच्याची टाच आणि पायरी. सर एकेक जोडी घालत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. या माणसाने हजारो टन लोखंडाची अंतरं काढताना कधी ओठ चावले नव्हते. कपाळ आणि पेटीचा आलेख येताना ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

इस्पितळाचं स्ट्रेचर बसत नव्हतं, फार लांब. आक्का बुटकी, म्हणून तिच्या उंचीचा खास पाट करायचा. खाली उभ्या असलेल्या दोघांनी तो खांद्यावर घ्यायचा, वरच्या दोघांनी खाली हातात, म्हणजे उतार कमी राहतो. वळणावर पाट कठड्याच्या वरून फिरवायचा. खाली कठडा, वर पेटी, मधून आक्का. कमीत कमी अंतर साडेतीन बोटं आलं. सरांनी पाटाची फळी थोडी पातळ केली. चार आलं.

चाळीतल्या सुताराने पाट केला. व्यायामशाळेतले चार मजबूत गडी ठरले. पुढच्या रविवारी दुपारी, चाळ झोपलेली असताना, आक्काच्या वजनाची तांदळाची पोती पाटावर बांधून रंगीत तालीम केली. पायऱ्यांवर खडूने पावलांच्या खुणा होत्या. पोती अशी उतरली की भिंतीला साधी धूळही लागली नाही. सरांनी बारा पानांचा रिपोर्ट आक्काला वाचून दाखवला. ती म्हणाली, "शेवटच्या पानावर काय आसा ता सांग." सर म्हणाले, "चार बोटं." ती म्हणाली, "बरा. येतंय."

ठरल्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या मजल्याच्या वळणाखाली कागद घेऊन उभी होते. माझं काम 'थांबा' म्हणायचं. सर वळणावर, पट्टी उघडून. वरून पाट निघाला. तिसऱ्या मजल्याचं वळण झकास पार पडलं. मला वाटलं, झालं.

आमच्या यादीत एक गोष्ट नव्हती. शेजारी.

पोत्याला हात लावायला कोण येतो? पण ही आक्का होती. चाळीतल्या तीन पिढ्यांना तिने सुया टोचल्या होत्या, बाळंतिणींच्या उशाशी बसली होती, म्हाताऱ्यांचे डोळे मिटले होते. ती चाललेली, आणि चाळही चाललेली. ज्याने त्याने दार उघडलं आणि हात लावायला धावला. तिथे तशी रीतच आहे. आजारी माणूस खाली नेताना बघत उभं राहणं म्हणजे माणुसकी नाही. चाराचे सहा झाले, सहाचे अकरा. खालच्या मजल्यावरचे गुरवकाका, सत्तरी उलटलेले, त्यांचाही हात पाटाखाली. वळणावर पाट कठड्यावर चढला आणि तिथेच रुतला. पुढे जाईना, मागे येईना. कोपरात कोपरं अडकली. कठडा करकरला. आक्काच्या कपाळावर ती पेटी, मध्ये जेमतेम एक बोट.

"हात काढा!" सर ओरडले. "फक्त चौघं! बाकीच्यांनी हात काढा!"

कुणीही हात काढला नाही.

"आणि मी काढला अन् पडली म्हणजे?" गुरवकाका म्हणाले. अकराच्या अकरा जणांना तेच वाटत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आक्का आपल्याच हातावर आहे. खरं सांगायचं तर मलाही माझा हात पुढे करावासा वाटत होता.

सरांनी पट्टी पेटी आणि कपाळाच्या मध्ये धरली. सहा वर्षांपूर्वी ते इथे नव्हते. आज होते, आणि तीच पेटी होती. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

तेव्हा पाटावरून आवाज आला, अगदी वॉर्डातला. "कोण कोण आसा रे?"

अकराही जण तिच्याकडे बघू लागले.

"गुरवांनू, तुमी पयलो हात काढा. तुमचो रक्तदाब माका म्हायत आसा." गुरवकाकांनी हात काढला. "बंड्या, तुझो पण. लहानपणी तुका सुई टोचूक चार माणसां धरूक लागायची, आता मोठो इलोस हात लावूक." बंड्या हसला, दुसरे हसले, आणि हसताना पकडी सैल झाल्या. ती पेटीखालून डोळे न हलवता एकेकाचं नाव घेत गेली, आणि नाव घेतलं की हात निघायचा. "भिया नको, मी पडूचंय नाय." शेवटी चौघे उरले. पाट कठड्यावरून वर उचलला गेला. पेटीपासून पुन्हा चार बोटं.

"आता तू ये," आक्का म्हणाली.

सरांना कळलं नाही. "मी?"

"माझो हात धर."

"आक्का, बाजूला जागा नाय. कागदावर माणूस बसत नाही."

"कागद खिशात घाल."

सरांनी पट्टी मिटली. घाईत ती खिशात जाईना, म्हणून माझ्याकडे दिली. मग ते पाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरले, आडवे होऊन, पोट आत ओढून, पाठ भिंतीला चिकटवून, आणि त्यांनी आक्काचा हात धरला. ज्या माणसाने माझ्यासमोर कधी कुणाच्या हाताला हात लावला नव्हता, त्याने तो दोन्ही हातांनी धरला होता. तसेच ते खेकड्यासारखे पायरी पायरी उतरत गेले, पुढची सगळी वळणं. पाठीला चाळीचा निळा चुना खरखरत होता. आक्का आडवीच होती आणि छताकडे बघत होती. ती एकदाही ओरडली नाही.

खाली अँब्युलन्सपाशी ती म्हणाली, "ऊन काय ह्या," आणि डोळे मिटले. मला रडू आलं आणि लाज वाटली नाही. सर अँब्युलन्सच्या पायरीवर चढले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाची सगळी पाठ निळी झाली होती. वडाळ्यापर्यंत त्यांनी हात सोडला नाही, असं बरोबर गेलेला बंड्या सांगत होता.

आक्का शेवटचं दीड वर्ष वडाळ्यात राहिली, लिफ्टच्या इमारतीत, खिडकीशी पलंग लावून. सर आता निवृत्त होऊन तिथेच असतात. ऑफिसात नव्या मुलांच्या कपांशेजारी आता मी बोटं ठेवते, आणि माझंही पाठीमागे काहीतरी नाव पडलं असणार.

पण सांगायचंय ते आक्काला उतरवल्यानंतरच्या सोमवारचं. सर वेळेवर आले. डबा, बाटली, चष्म्याचं घर, सगळं चार बोटांवर लावलं. माझ्याकडून पट्टी परत घेतली. मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाले, "जिन्याची फाईल उघड."

मी उघडली.

"एक जोडी राहिली होती. घाल."

"शेजाऱ्यांची का, सर?"

"ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बसणार?" ते म्हणाले. "माझी पाठ आणि भिंत."

मी वळणावर, पाटाच्या बाजूला एक माणूस उभा केला, त्यांच्या मापाचा. जाडी घातली, हाडापासून नाही, कातडीपासून. जोडी सांगितली आणि चालवली. आलेख आला. एक सरळ रेघ, दुसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत, तळाला टेकलेली.

"किती येतं?"

"शून्य, सर. सगळीकडे."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ठेव तसंच."